स्मृती की संस्कार? : कोळंबीच्या रोगप्रतिकाराची परिभाषा

१

कोकण किनाऱ्यावरील मराठीत कोळंबी, शेवंड, चिंबोरी, कालवे, तिसऱ्या आणि शिणाणे यांना स्वतंत्र व नेमकी नावे आहेत. परंतु या सर्वांना एकत्र गोवणारा एकही घरगुती शब्द नाही. शास्त्रीय लेखनात 'कवचधारी जलचर' असा जोडशब्द करावा लागतो. विदर्भातून पूर्वेकडे गोंदिया ओलांडून दुर्ग-भिलाईकडे जावे तो 'कोळंबी' हे नावही मागे पडते आणि मराठी बोलण्यातही 'झिंगा' हाच शब्द सवयीचा होतो. समुद्रापासून इतक्या दूर तळ्यांतून वाढणारा झिंगा गोड्या पाण्यातील असतो आणि रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठी तळ्यांतून वाढणारी कोळंबी खाऱ्या पाण्यातील. जाती भिन्न, नावे भिन्न. मात्र शरीराचा रोगाशी सामना करण्याचा प्रकार मूलतः एकच.

या प्रकाराविषयी गेल्या दोन-तीन दशकांत जे संशोधन झाले, त्याने जीवशास्त्रातील एका शब्दालाच आव्हान दिले आहे. तो शब्द म्हणजे 'स्मृती'. एकदा रोगाला तोंड दिलेले शरीर दुसऱ्या वेळी त्याच रोगाशी अधिक चांगला मुकाबला करते, याला रोगप्रतिकारशास्त्रात स्मृती म्हणतात. ही स्मृती केवळ पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांनाच लाभली आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. कोळंबी, कालव आणि त्यांची आप्तमंडळी या समजुतीत बसत नाहीत, असे आता दिसू लागले आहे. तथापि त्यांच्या ठायी जे आढळते त्याला स्मृती म्हणावे काय, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. तो परिभाषेचाही आहे. आणि परिभाषा चुकली तर तिची किंमत तळ्याच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट ठरेल. इंग्रजीतील 'इम्युनिटी' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'इम्युनिस' या विशेषणात आहे. सार्वजनिक कर्तव्यांतून वा करभारातून ज्याला सूट मिळाली तो इम्युनिस. मराठी मुलखातील जमीनमहसुलाच्या भाषेत सांगावयाचे तर ही इनामदाराची स्थिती होय : सारा इतरांना लागू, त्याला नाही. मराठीने मात्र हे रूपक स्वीकारले नाही. आपण 'प्रतिकार' म्हणतो. प्रतिकारात सूट नाही, झुंज आहे. एकच शारीर व्यापार एका भाषेला सवलत वाटला आणि दुसरीला सामना वाटला, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

'लस' या शब्दाचा प्रवास याहून निराळा. लस म्हणजे मुळात शरीरातून पाझरणारा चिकट द्रव. देवीच्या फोडातील अशा द्रवाने माणसाला टोचून संरक्षण देता येते हे कळल्यावर त्या द्रवाचेच नाव त्या उपायाला मिळाले. भारतात जेन्नरच्या पद्धतीची पहिली यशस्वी लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल ही तीन वर्षांची मुलगी तिची मानकरी होती. पुढे जवळजवळ शतकानंतर, प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. या दीर्घ परिचयामुळे मराठी मनात 'लस' या शब्दाभोवती एक आश्वासन जमले आहे : एकदा टोचले, की पुष्कळ काळ निर्धास्त.

येथे एका योगायोगाची नोंद करावयास हवी. हाफकिन हे ओडेसा येथे इल्या मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसून पाहिला आणि त्या काट्याभोवती अळीच्या शरीरातील भटक्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशींचा शोध तो हाच. १८८४ मध्ये त्यांनी डॅफ्निया या पाणपिसवेत, म्हणजे कोळंबीच्याच दूरच्या नात्यातील एका चिमुकल्या जीवात, बुरशीच्या बीजाणूंवर अशाच पेशी तुटून पडताना पाहिल्या. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. एर्लिख यांचा भर रक्तद्रवातील प्रतिद्रव्यांवर, मेचनिकॉफ यांचा पेशींवर. विसाव्या शतकाचा फार मोठा भाग प्रतिद्रव्यांच्या अभ्यासाने व्यापला. स्मृतीची कल्पनाही त्यांच्याशीच बांधली गेली. मेचनिकॉफ यांचे कणाहीन प्राणी त्या काळात काहीसे अडगळीत पडले. आज ते पुन्हा चर्चेच्या मध्यभागी आले आहेत.

३

कण्याच्या बहुतेक सर्व प्राण्यांत रोगप्रतिकाराचे दोन स्तर असतात. पहिला जन्मजात, तो रोगजंतूंच्या सामान्य खुणा ओळखतो आणि तत्काळ कामाला लागतो. दुसरा अर्जित, त्यात लसिकापेशी प्रत्येक रोगजंतूची विशिष्ट ओळख पटवितात, त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये घडवितात आणि त्यांपैकी काही पेशी वर्षानुवर्षे टिकून राहतात. गोवर एकदा झालेल्या माणसाला सहसा पुन्हा होत नाही तो या दुसऱ्या स्तरामुळे. नेहमीच्या अर्थाने लस म्हणतात ती याच स्तराला शिकविते.

कोळंबीला हा दुसरा स्तर नाही. तिच्या शरीरात ना लसिकापेशी, ना प्रतिद्रव्ये. तिचे पहिले संरक्षण म्हणजे तिचे कवच. परंतु वाढीसाठी ते वारंवार टाकावे लागते आणि कात टाकल्यानंतरचा मऊ काळ तिच्या दृष्टीने धोक्याचा असतो. कवच भेदून जंतू आत शिरला तर रक्तसदृश द्रवातील पेशी त्याला गिळतात. तो मोठा असेल तर त्याभोवती थर धरून त्याला कोंडतात. जंतूच्या भित्तिकेतील विशिष्ट शर्करा ओळखू आल्या की विकरांची एक साखळी जागी होते आणि अखेरीस मेलॅनिन हे काळे द्रव्य तयार होऊन जंतू त्यात अडकतो. कोळंबीच्या अंगावरील जखमेचा काळा डाग हा याच व्यापाराचा पुरावा होय. याखेरीज जंतुनाशक लघुप्रथिने आहेत, आणि विषाणूंच्या बाबतीत दुपेडी आरएनए ओळखून त्याचे तुकडे करणारी यंत्रणा आहे.

ही यंत्रणा दर वेळी कोऱ्या पाटीने सुरू होते, असा पूर्वीचा समज होता. त्याला छेद देणारे प्रयोग एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाले. कुर्ट्झ आणि फ्रांझ यांनी २००३ मध्ये कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवावर केलेल्या प्रयोगात असे दाखविले की, एका पट्टकृमीच्या अळ्यांना एकदा तोंड दिलेला जीव त्याच कृमीच्या सख्ख्या भावंडांना अधिक चांगला प्रतिबंध करतो. असंबंधित कुळातील कृमींना तितका नाही. म्हणजे ओळखीत काही एक नेमकेपणा होता. त्याच वर्षी लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॅफ्नियावर प्रयोग केला. आईला एका जिवाणूच्या ज्या वाणाचा संसर्ग झाला होता, त्याच वाणापासून तिच्या पिलांना संरक्षण मिळाल्याचे त्यांना आढळले. मेचनिकॉफ यांच्या पाणपिसवेने असे सव्वाशे वर्षांनी पुन्हा नवे काही सांगितले.

माणसाच्या बाबतीतही जन्मजात स्तराला काही शिकविता येते, असे दिसून आले. क्षयावरील बीसीजी लस क्षयाखेरीज इतर संसर्गांतही काही अंशी उपकारक ठरते, या निरीक्षणाचा मागोवा घेताना नेटिया, क्विंटिन आणि व्हान देर मीर यांनी २०११ मध्ये 'ट्रेन्ड इम्युनिटी' ही संज्ञा सुचविली. तिच्या मुळाशी जनुकांच्या मजकुरात झालेला बदल नसतो. जनुके ज्या वेटोळ्यांत गुंडाळलेली असतात त्यांची ठेवण बदलते. काही पाने उघडी राहतात, काही मिटतात. लेख तोच, वाचनाची तयारी निराळी.

४

कोळंबीच्या बाबतीत या संशोधनाला तातडी आली ती एका रोगामुळे. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग १९९२-९३ च्या सुमारास पूर्व आशियात उद्भवला आणि १९९४ च्या अखेरीस भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला. पुढे पश्चिम किनाराही त्यातून सुटला नाही. कोळंबी खाणे सोडते, काठाशी येऊन सुस्त तरंगते, कवचावर आतल्या बाजूने पांढरे ठिपके दिसतात आणि तीन ते दहा दिवसांत बहुतेक तळे रिकामे होते. त्या वेळी टायगर जातीच्या कोळंबीच्या शेतीची लाट होती. कर्ज काढून तळी खोदलेल्यांचा पहिला अनुभव पुष्कळ ठिकाणी हाच ठरला. त्यातच किनारपट्टीच्या पर्यावरणावरील परिणामांमुळे ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात या व्यवसायावर कठोर निर्बंध घातले. २००५ मध्ये सागरतटीय जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला. २००९ पासून रोगजंतुमुक्त प्रजनकांपासून वाढविलेल्या व्हनामेई या परदेशी जातीला व्यापक प्रमाणावर परवानगी मिळाली आणि शेतीचे रूप पालटले. विषाणू मात्र गेला नाही.

या विषाणूतून वाचलेल्या जपानी कोळंबीला दुसऱ्या वेळी काही आठवडे अधिक प्रतिकार करता येतो, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नेदरलंड्समधील वागेनिंगेन येथील संशोधकांनी २००४ मध्ये विषाणूच्या आवरणातील व्हीपी२८ हे प्रथिन खाद्यातून देऊन टायगर कोळंबीला लक्षणीय संरक्षण मिळाल्याचे सिद्ध केले. तीन आठवड्यांनंतर ते बरेच ओसरले होते. दुसऱ्या बाजूने, कोणत्याही विषाणूशी संबंध नसलेला दुपेडी आरएनए टोचला तरी कोळंबीला विषाणूंपासून काही संरक्षण मिळते, असेही त्याच सुमारास आढळले. कालवांचा अनुभव याहून आशादायक आहे. फ्रान्समध्ये २००८ पासून नागीण-विषाणूच्या एका प्रकाराने पिलू कालवांचा संहार मांडला होता. कृत्रिम दुपेडी आरएनए टोचलेल्या पॅसिफिक कालवांत या विषाणूविरुद्धचे संरक्षण किमान पाच महिने टिकल्याचे २०१७ मध्ये नोंदविले गेले.

या पुराव्याचे स्पष्टीकरण मात्र एकमुखी नाही. कीटक व कवचधारी यांच्या शरीरात 'डीस्कॅम' नावाचे एक प्रथिन आहे. फळमाशीत त्याच्या एकाच जनुकापासून, तुकड्यांची वेगवेगळी जुळणी करून, ३८,००० हून अधिक रूपे घडू शकतात. प्रतिद्रव्यांच्या वैविध्याची जागा ही रूपे भरून काढत असावीत, असा एक तर्क आहे. थायलंडमधील टिमथी फ्लेगेल यांनी १९९० च्या दशकातच वेगळा विचार मांडला होता : कोळंबी विषाणूला हुसकावीत नाही, त्याच्याशी जुळवून घेते. विषाणू शरीरात अल्प प्रमाणात नांदत राहतो आणि त्याच्या नांदण्यामुळेच पुढील संसर्ग सौम्य होतो. विषाणूंचे तुकडे कोळंबीच्या जनुकसंचात शिरून बसलेले आढळल्यामुळे या विचाराला पुढे निराळा आधार मिळाला. हे खरे असेल तर ज्याला आपण आठवण समजतो ती वस्तुतः पाहुण्याची उपस्थिती आहे. आणि उपस्थित असलेल्याची आठवण काढली जात नाही.

५

याच ठिकाणी भारतीय विचारपरंपरेतील एक सूक्ष्म भेद उपयोगी पडण्यासारखा आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते स्मृती हे ज्ञान आहे आणि ते केवळ संस्कारापासून उत्पन्न होते. स्मृतीला विषय असतो. 'अमुक गोष्ट' आठवते. संस्कार हे ज्ञान नव्हे. तो अनुभवाने मागे ठेवलेला परिणाम असून योग्य उद्बोधक मिळेपर्यंत सुप्त राहतो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात संस्काराचे तीन प्रकार मानले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. यांपैकी स्मृतीला कारण होते ती भावना, आणि ती फक्त आत्म्याच्या ठिकाणी राहते. स्थितिस्थापक मात्र वाकविलेल्या फांदीसारख्या जड वस्तूतही असतो. म्हणजे पूर्वी घडलेल्या गोष्टीचा परिणाम वस्तूत उरणे आणि त्या गोष्टीची आठवण असणे या दोन गोष्टी या परंपरेने काटेकोरपणे अलग केल्या आहेत. आयुर्वेदातही द्रव्यात नवा गुण आणणे याला संस्कार म्हटले आहे. चरकसंहितेत आहाराच्या विचारात ही कल्पना येते.

प्रतिद्रव्यांच्या स्तराला 'स्मृती' हा शब्द बऱ्यापैकी शोभतो. तेथे विषय निश्चित असतो. गोवराची स्मृती देवीच्या कामी येत नाही. कोळंबीच्या बाबतीत पुरावा संमिश्र आहे. कोपेपॉड आणि डॅफ्निया यांच्या प्रयोगांत विषयाची काही ओळख दिसते. दुपेडी आरएनएच्या प्रयोगांत ती दिसत नाही, केवळ एक सर्वसाधारण सज्जता दिसते. ही सज्जता काही आठवड्यांची वा महिन्यांची आहे. तिला 'संस्कारित प्रतिकार' म्हणणे अधिक यथार्थ होईल. जेथे विषयाची नेमकी ओळख सिद्ध होईल तेथेच 'स्मृती' म्हणावे. इंग्रजीत 'मेमरी', 'प्राइमिंग' आणि 'ट्रेनिंग' हे शब्द आलटून-पालटून वापरले जातात आणि त्यातून पुष्कळ वाद निष्कारण वाढतात. मराठीला, किंबहुना संस्कृताचा वारसा सांगणाऱ्या कोणत्याही भारतीय भाषेला, हा भेद हाताशी तयार मिळालेला आहे.

या भेदावर एक आक्षेप संभवतो. नैय्यायिकांची भावना आत्म्याशी निगडित आहे; ती पेशींना लावणे हा शास्त्राचा विपर्यास नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु येथे न्यायशास्त्राचा सिद्धान्त जीवशास्त्रात नेलेला नाही, आणि प्राचीनांना रोगप्रतिकारशास्त्र अवगत होते असेही सुचवावयाचे नाही. केवळ शब्दांमधील एक उपयुक्त अंतर घेतले आहे. 'मेमरी' हा शब्दही मनोव्यापारातूनच पेशींकडे आला आहे. रूपक तेथेही आहेच. प्रश्न रूपक असावे की नसावे हा नाही. कोणते रूपक कमी फसवे, हा आहे.

६

फसवेपणाचा प्रश्न तळ्याच्या काठी स्पष्ट होतो. प्राधिकरणाच्या मर्यादेनुसार व्हनामेई कोळंबीची घनता दर चौरस मीटरला ६० पर्यंत ठेवता येते. म्हणजे एका हेक्टरच्या तळ्यात ६ लाख पिले. त्यांना एकेक करून टोचणे अशक्य. जे द्यावयाचे ते खाद्यातून किंवा पाण्यातून द्यावे लागते आणि प्रत्येक पिलाने किती घेतले हे कळत नाही. याउलट पीक सुमारे तीन ते पाच महिन्यांत निघते; म्हणून काही आठवड्यांचा संस्कारही, योग्य वेळी मिळाला, तर निरुपयोगी म्हणता येणार नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि शेतकऱ्याला दोन्ही सांगावयास हवीत.

बाजारात यीस्टपासून मिळणारे बीटा-ग्लुकन व तत्सम द्रव्ये प्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून विकली जातात. त्यांना काही शास्त्रीय आधार आहे. परंतु प्रतिकाराला ऊर्जा लागते, आणि सतत चेतविलेली यंत्रणा थकते किंवा वाढीच्या वाट्याचे खाते. अशा द्रव्याला 'कोळंबीची लस' म्हटले, की दोनशे वर्षांत मराठी मनात जमलेले ते सारे आश्वासन त्याला आपोआप चिकटते. निर्धास्त झालेला शेतकरी मग बीज तपासून घेण्याचा खर्च टाळतो, तळे पुरते वाळवीत नाही, उघाडीच्या जाळीकडे दुर्लक्ष करतो. रोग येतो तो नेमका या फटींतून.

आजमितीला रोगनियंत्रणाचा खरा भार याच साध्या गोष्टींवर आहे. रोगजंतुमुक्त प्रजनकांचे बीज घेणे व ते पीसीआर चाचणीने तपासणे. दोन पिकांच्या मध्ये तळे भेगाळेपर्यंत वाळविणे आणि चुना टाकणे. आत घेतलेले पाणी गाळून निर्जंतुक करणे. खेकडे शिरू नयेत म्हणून बांधावर कुंपण आणि पक्ष्यांसाठी वर दोऱ्या. साथ आलीच तर तळ्याचे पाणी तसेच खाडीत न सोडणे. प्रतिजैविकांचा विषाणूवर काहीच उपयोग नाही आणि या शेतीत त्यांच्या वापराला प्राधिकरणाच्या नियमांनी मनाई आहे. मुंबईची १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि चेन्नईची १९८७ मधील केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्था यांसारख्या संस्थांच्या कामाचा पुष्कळ भाग रोगनिदान आणि प्रतिबंध यांवरच केंद्रित आहे, यात नवल नाही. संस्कारित प्रतिकार हा या व्यवस्थेचा पर्याय नव्हे. तो फार तर तिचा मदतनीस होईल.

गोड्या पाण्यातील झिंग्याची स्थितीही फार वेगळी नाही. त्याच्या पिलांची शेपटी पांढुरकी पडून ती मरतात तो रोगही विषाणूजन्य आहे आणि त्यावरही मुख्य उपाय निरोगी प्रजनक निवडण्याचाच आहे. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांत किंवा छत्तीसगडच्या गावतळ्यांत झिंग्याचे बीज सोडणाऱ्याला रत्नागिरीच्या अनुभवाचा लाभ व्हावयाचा तर तो त्याच्या बोलीत, त्याच्या शब्दांत पोहोचला पाहिजे.

परिभाषा घडविणे हे काम बहुधा वैज्ञानिकांवर सोपविले जाते आणि भाषेचे अभ्यासक त्याकडे तिऱ्हाइताच्या दृष्टीने पाहतात. कोळंबीच्या उदाहरणावरून असे दिसते की, एका शब्दाच्या निवडीवर कोणाची तरी एका हंगामाची कमाई अवलंबून असू शकते. 'लस' हा शब्द जिथे टिकाऊ व नेमके संरक्षण सिद्ध झाले आहे तिथेच राखून ठेवावा, 'स्मृती' जिथे विषयाची ओळख दाखविता येते तिथे योजावी, आणि उरलेल्या मोठ्या प्रदेशाला 'संस्कार' म्हणावे, एवढी शिस्त पाळली तरी बांधावरच्या माणसाला कशावर भिस्त ठेवावयाची आणि कशावर नाही, हे मराठीतून त्याला समजेल असे सांगता येईल.